संत यानोशची बाटली

बुडापेस्ट, ३ नोव्हेंबर १९९५

ताई,

सोबतचं कात्रण आधी बाबांना वाचून दाखव, मग बाकीचं पत्र वाच. गेल्या आठवड्यात आपल्या खानावळीत एक वर्तमानपत्रवाला जेवून गेला. मी त्याला ओळखलंच नाही, खिडकीजवळच्या डुगडुगणाऱ्या टेबलावर बसवलं. त्याने हरणाच्या मांसाबरोबर आपली बिकावेर मागवली आणि रविवारी छापलं काय, तर ‘एगेरच्या म्हाताऱ्या बोदोन्यींचं नाक जोवर शाबूत आहे, तोवर या लाल वाइनला मरण नाही.’ क्लारीने दुसरी प्रत चौकटीत घालून गल्ल्यामागे लावली आहे. येणारा-जाणारा वाचतो आणि बाटली मागवतो.

परवा एका जर्मन बाईने विचारलं, ‘बिकावेर म्हणजे बैलाचं रक्त ना? मग यात ते खरंच असतं का हो?’ म्हटलं, ‘नाही बाई, आमच्या बाबांचं असतं.’ तिने दोन बाटल्या घेतल्या!

आता काम. अकरा तारखेला संत मार्तोनचा सण, म्हणजे आठवडाभर हंसाच्या तंगड्या आणि नव्या वाइनची गर्दी. यंदा मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे कोणती वाइन घ्यावी ते छापायचं ठरवलंय. ब्याण्णवची बिकावेर कशाबरोबर द्यायची आणि कशाबरोबर अजिबात नाही, ते बाबांना विचार. तू नुसतं लिहून घे. तुझं अक्षर छान आहे.

नव्या वर्षाला आम्ही येतोच. तुझ्या मसुरासाठी क्लारी आत्तापासून दिवस मोजतेय. घरी ती करते त्याला तुझी चव काही येत नाही. त्यात काय घालतेस ते यंदा सांगूनच टाक.

बाबांचे पाय गरम ठेव. वाइनचं काय ते बघतील.

तुझा,
अंब्रुश

*

एगेर, १० नोव्हेंबर १९९५

अंब्रुश,

बाबांनी कात्रण तीनदा वाचलं, घडी करून टोपीच्या अस्तरात ठेवलं आणि गल्लीत फेरी मारून आले. टोपी चार वेळा काढली असेल. शेजारच्या देझ्योकाकांना तर पाठच झालं असणार.

तुझे प्रश्न विचारले. म्हणाले, ‘तूच लिही काय ते.’ तेव्हा त्यांचं म्हणून लिहिते.

गायीच्या मांसाचा पाप्रिका घातलेला दाट रस्सा ही तिची पहिली जागा. ज्या वाइनमध्ये शिजवलास तीच पेल्यात दे. स्वयंपाकाला स्वस्तातली आणि पाहुण्याला चांगली, ही तुझी चलाखी जिभेला कळते. हरीण, रानडुक्कर चालेल, वर रानगुलाबाच्या फळांचं आंबटगोड घातलंस तरी चालेल, पण चमचाभरच. हंसाची तंगडी आणि लाल कोबी चालेल, मात्र कोबीत साखर आवर, नाहीतर वाइन कडवट लागते आणि गिऱ्हाईक वाइनला नावं ठेवतं. मेंढीच्या चिजाबरोबर चालेल. कार्प माशाबरोबर नको, तोंडात खिळा धरल्यासारखं होतं. आणि ज्या ताटात व्हिनेगर आहे तिथे तिला नेऊच नकोस. काकडीची कोशिंबीर, डुकराच्या डोक्याची जेली, माझे मसूर, यातलं काही नाही. आंबटाशी तिचं जन्मात जमणार नाही.

बर्फाच्या बादलीत घालू नकोस. तळघरातून आणल्यावर अर्धा तास नुसती बसू दे, मग उघड. ब्याण्णवच्या वाइनमध्ये कादार्का द्राक्ष जरा जास्त पडलंय, म्हणून घशाशी मिरीसारखं चुरचुरतं. ती चूक नाही, मुद्दाम केलेलं आहे.

बाबा बरे आहेत. काल सूपमध्ये तीनदा मीठ घालून अळणी म्हणाले. परवा स्टोव्हवर कांदा जळून कोळसा झाला, आख्ख्या घरात धूर, आणि हे शेजारी बसून वर्तमानपत्र वाचताहेत. वय झालं. तू काळजी करू नकोस.

मसुरात काय घालते ते सांगणार नाही. या आणि खा.

एतेल्का

*

बुडापेस्ट, २ एप्रिल १९९६

ताई,

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले तरी अजून सकाळी उठल्यावर वाटतं की त्यांना अमुक विचारायला हवं. शेवटच्या दिवशी तू संत यानोशच्या आशीर्वादाच्या बाटलीतली वाइन त्यांच्या ओठांना लावलीस, आणि त्यांनी जीभ फिरवली, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

वकिलाने मृत्युपत्र वाचलं ते तू ऐकलंसच. घर तुला, तळघर आणि द्राक्षमळा मला. बाबांनी विचार करूनच लिहिलं असणार. त्यांचं तुला माहीतच आहे, घर बाईचं आणि तळघर पुरुषाचं. बाई पिंपाजवळ गेली की वाइन नासते, असं त्यांची आई म्हणायची, आजीही म्हणायची. मी असलं काही मानत नाही, पण आपली गल्ली मानते आणि आपलं गिऱ्हाईकही मानतं. तेव्हा किल्ली मी घेऊन आलो, त्याचा राग धरू नकोस. महिन्यातून एकदा येऊन सगळं बघत जाईन. तू आता निवांत बस. खूप केलंस बाबांचं.

एकच काम. कोणत्या वर्षी कोणतं द्राक्ष किती मिसळलं, ते लिहिलेली बाबांची निळी वही तुझ्याकडे असेल. ती पाठव.

अंब्रुश

*

एगेर, ९ एप्रिल १९९६

अंब्रुश,

निळी वही वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. अक्षर ओळखशील. तुला ते छान वाटतं.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात बाबांना तो मोठा ताप आला, आठवतो? तू दोन दिवस येऊन गेलास, संत्री आणलीस. ताप उतरला तो त्यांचं नाक घेऊन. आधी वाटलं, येईल परत. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी मला तळघरात बोलावलं. सत्तेचाळीस वर्षांत... नाही, तेव्हा मी चाळीसची होते, चाळीस वर्षांत मला पहिल्यांदा आत बोलावलं. दार आतून लावलं, कडी दोनदा तपासली. पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘कसला वास येतो सांग.’ म्हटलं, ‘ओली माती, आणि आंबट चेरी.’ ते पिंपाला कपाळ टेकवून रडले. बाबा रडू शकतात हे मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून सात वर्षं हेच चाललं. ते बुचं मांडीवर घेऊन स्टुलावर बसायचे. मी काचेच्या नळीने नऊच्या नऊ पिंपांतून काढायची, वास घ्यायची, चाखायची, थुंकायची, मिसळायची, पुन्हा मिसळायची. ठरलं की त्यांना सांगायची. ते एक पेला भरून घ्यायचे, दार उघडायचे आणि मिशा पुसत बाहेर उभे राहायचे. देझ्योकाका विचारायचे, ‘काय कालमान, जमली का?’ हे म्हणायचे, ‘जमली.’ मी बादली आणि फडकं घेऊन मागून निघायची. बोदोन्यींची थोरली तळघर पुसायला जाते, असं गल्ली समजत होती. तूही.

मी तक्रार केली नाही, कारण त्यांची लाज राखायची होती. आता ते नाहीत. तळघर तुझं, मळा तुझा, माझं काही म्हणणं नाही. मला दोनच गोष्टी हव्यात. किल्ली दे, म्हणजे मला माझं काम करता येईल. आणि बाटलीवरच्या कागदावर बाबांच्या नावाखाली माझं नाव घाल. लहान अक्षरांत घातलंस तरी चालेल.

त्या जर्मन बाईला सांगितलंस ना, यात बाबांचं रक्त असतं म्हणून? ते माझं होतं, अंब्रुश.

एतेल्का

*

बुडापेस्ट, २० एप्रिल १९९६

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि क्लारीला न दाखवता ठेवून दिलं. दुःखात माणूस काय काय बोलून जातो, हे मी समजू शकतो. मी ते मनावर घेणार नाही, तूही नंतर विसरून जा.

वहीत तुझं अक्षर आहे, कारण बाबा सांगायचे आणि तू लिहायचीस. पेला हातात धरला म्हणून कुणी वाइन करत नाही. तू त्यांना मदत केलीस, खूप केलीस, ते मी चारचौघांत सांगेन. पण ज्यांच्या नाकाबद्दल आख्ख्या देशात छापून आलं, त्यांचं नाक सात वर्षांपूर्वीच गेलं होतं, असं त्यांची मुलगी सांगत सुटली तर लोक कुणाला हसतील? बाबांना. थडग्यावरची फुलं अजून सुकली नाहीत.

कागद छापून झाले आहेत. त्यावर ‘बोदोन्यी आणि पुत्र’ असं आहे.

एकटीला घरात करमत नसेल तर इकडे ये. आमच्या स्वयंपाकघरात तुझ्यासारखा हात हवाच आहे.

अंब्रुश

*

बुडापेस्ट, १२ डिसेंबर १९९६

ताई,

आठ महिन्यांत तुझी एक ओळ नाही. मी येतो तेव्हा तू शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर असतेस, किंवा निदान घराला कुलूप असतं. मी दारात ठेवलेला सॉसेजचा डबा तसाच होता, मांजराने उघडला होता.

जाऊ दे. यंदा सत्तावीस तारखेला, संत यानोशच्या दिवशी, मी त्या वर्तमानपत्रवाल्याला घेऊन एगेरला येतोय. पाद्री वाइनला आशीर्वाद देतात, घरोघरचे लोक बाटल्या घेऊन चर्चमध्ये जातात, मग तळघरात जेवण, हे सगळं त्याला बघायचं आहे. माझं लहानपण आठवलं तर मला त्या दिवसाचं गाणं आणि गरम सॉसेजच आठवतं. त्या दिवशी बाबा तळघरात नेमकं काय करायचे? जुन्या बाटलीचं काहीतरी असायचं ना? पाहुण्यासमोर चुकलो तर शोभा होईल.

वाइन उत्तम आहे. उन्हाळ्यात गर्दी होती म्हणून तीनेक महिने येणं जमलं नाही. पिंपं थोडी रिती झाली आहेत, असं देझ्योकाका कुरकुरत होते. त्यांना कुरकुरायला काहीतरी लागतंच. वाइन टिकावी म्हणून पिंपांत जाळायच्या त्या गंधकाच्या वाती मी बंद केल्या, आजकाल लोकांना तो वास नको असतो.

एवढं सांग. बाबांसाठी म्हणून तरी.

अंब्रुश

*

एगेर, १६ डिसेंबर १९९६

अंब्रुश,

विचारलंस म्हणून सांगते.

आत शिरल्यावर डाव्या हाताला संत यानोशच्या तसबिरीखाली कोनाडा आहे. त्यात गेल्या वर्षीची आशीर्वादाची बाटली आहे. बाबांच्या ओठांना लावली तीच. चर्चला निघण्याआधी ती संपवायची. आशीर्वादाची वाइन जमिनीवर ओतत नाहीत, एक थेंबसुद्धा नाही. बाबा प्रत्येक पिंपाचं बूच काढून त्यात थोडी थोडी ओतायचे, म्हणजे वर्षभर वाइन राखली जाते. नऊही पिंपांना पुरली पाहिजे. मग रिकामी बाटली धुवायची, नव्या वाइनने भरायची आणि चर्चमध्ये न्यायची. परत आल्यावर ती पुन्हा कोनाड्यात.

बाबा असंच करायचे. तू तसंच कर.

एतेल्का

*

बुडापेस्ट, ८ जून १९९७

ताई,

नऊच्या नऊ गेली.

मार्चमध्ये पहिल्या पिंपाला जरा टोचरा वास आला, मी म्हटलं थंडीचा असेल. ईस्टरनंतर खानावळीत एकाने पेला परत पाठवला, मग दुसऱ्याने. गेल्या मंगळवारी वाइनच्या शाळेतून एका जाणत्याला घेऊन गेलो. त्याने दार उघडल्या उघडल्या रुमाल नाकाला लावला. चौऱ्याण्णवची, पंचाण्णवची, सगळी. म्हणाला, ‘आता काही करता येणार नाही. पिंपं रिती ठेवलीत, त्यात हवा शिरली, पण एवढ्या झपाट्याने सगळी एकदम आंबत नाहीत. बाहेरून काही ओतलं होतं का?’ मी म्हटलं, ‘फक्त आशीर्वाद.’ त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

देझ्योकाका गल्लीत सांगत फिरताहेत, ‘कालमान गेला आणि वाइनही त्याच्यामागे गेली.’ वर्तमानपत्रवाला फोन घेत नाही.

ताई, एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती तोंडाने सांगायची माझी छाती नाही. मला ठाऊक होतं. ब्याण्णवमध्ये एकोणनव्वदची पहिली बाटली उघडली तेव्हाच कळलं. मी वीस वर्षं लोकांच्या पेल्यात वाइन ओततोय, एवढं कळतं. बाबांची वाइन भक्कम असायची, ही हसरी होती. त्या ईस्टरला मी बाबांना मळ्यात एकटं गाठून विचारलं. ते म्हणाले, ‘एतेल्का करते. पण तुला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस.’ मी म्हटलं, बरं. सोपं होतं ते. म्हाताऱ्याच्या नाकाची गोष्ट विकली जात होती. आणि तू पत्रात लिहिलंस तेव्हा मी तुला खोटं पाडलं, कारण कागद छापून झाले होते. खरं सांगायचं तर कागद छापले नसते तरी मी तेच केलं असतं.

किल्ली या पाकिटात आहे. ये, जे करायचं ते कर. नवे कागद छापतो, पहिलं नाव तुझं. फक्त एवढं सांग, या नऊ पिंपांतून काही वाचेल का? आणि नाहीच वाचलं, तर ही असली वाइन मी कशाबरोबर देऊ?

तुझा भाऊ,
अंब्रुश

*

एगेर, १५ जून १९९७

अंब्रुश,

किल्ली मिळाली. काल शाळेतून आल्यावर तळघरात गेले. या वेळी दार उघडं ठेवलं. बादली नेली नाही. देझ्योकाका बाकावर बसले होते, त्यांनी पाय आत ओढून मला वाट दिली.

सगळी चाखली. पंचाण्णवच्या कादार्काचं पिंप शेवटी उघडलं. माझ्या हातून तसं पुन्हा काही झालं नसतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्येच ते मिसळायला तयार होतं, मी तुझ्याकडे किल्ली मागितली ती त्याच्यासाठी. अजून खालून कुठेतरी आंबट चेरी येते. मग घसा जळतो.

काही वाचणार नाही.

आता तू सांगितलंस तसं मीही सांगते. मी पत्रात लिहिलं की बाबा जुनी बाटली पिंपांत ओतायचे. ते खरं आहे. ओतायचेच. मात्र त्या बाटलीत काय असायचं ते लिहिलं नाही. वर्षभर अर्धी रिकामी, सैल बुचाची बाटली कोनाड्यात राहिली तर तिचं काय होतं, हे तुझ्या खानावळीतल्या भांडी घासणाऱ्यालाही सांगता येईल. बाबांना वास येत नव्हता. पहिल्याच वर्षी मी बाटली हुंगली आणि हादरले. आशीर्वादाची वाइन जमिनीवर ओतायची नाही, म्हणून माझ्या स्वयंपाकघरातल्या मातीच्या बरणीत ओतली, बाटली चांगल्या वाइनने भरून परत कोनाड्यात ठेवली. दर डिसेंबरला तसंच केलं. बाबा सात वर्षं माझी ताजी वाइन पिंपांत ओतत होते आणि संत यानोशचे आभार मानत होते.

आणि तुम्ही दर नव्या वर्षाला त्या बरणीतलं मसुरात खात होतात. क्लारीला सांग, घालते ते हे.

त्या सत्तावीस तारखेला मी खिडकीत उभी होते. ती बाटली ओतून घ्यायला बरणी टेबलावर काढून ठेवली होती. खोटं कशाला बोलू, काढली होती. तू त्या पाहुण्याबरोबर गल्ली उतरून गेलास, नवी टोपी घातली होतीस. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. मला वाटलं, याला कळत नाही. बाबांची वाइन कोण करतं, कोण राखतं, हे याला ठाऊकच नाही, म्हणून हा मला खोटी म्हणतो. एकदा नासली की कळेल. एवढंच मला हवं होतं, तुला कळावं. त्यासाठी माझी नऊ पिंपं गेली तरी जाऊ देत म्हटलं.

आणि तुला पाच वर्षांपासून कळलेलं होतं. म्हणजे मी कुणाला काय शिकवलं, सांग. तुझं पत्र वाचून मी चुलीपुढच्या स्टुलावर बसले, बाबांच्याच, आणि मोठमोठ्याने रडले. तुझ्यासाठी नाही, बाबांसाठीही नाही. त्या कादार्कासाठी.

तू विचारलंस, कशाबरोबर देऊ. लिहून घे. काकडीच्या कोशिंबिरीवर, पातळ चिरून, मीठ लावून, पिळून मग. डुकराच्या डोक्याच्या जेलीवर, कच्चा कांदा घालून. लाल कोबीत, आता साखर हवी तेवढी घाल. बीन्सच्या सूपमध्ये शेवटी एक पळी. मसुरात दोन पळ्या आणि तमालपत्र. कार्प मासा तळायच्या आधी तासभर तीत बुडवून ठेव, चिखलाचा वास जातो. तिच्याबरोबर कुठलीही वाइन देऊ नकोस.

मळ्याचं तू बघ, मी येणार नाही. किल्ली कोनाड्यात ठेवली आहे, बाटलीशेजारी. दार उघडंच आहे, आत चोरण्यासारखं काही उरलेलं नाही.

नऊ पिंपं व्हिनेगर म्हणजे बाटल्या पुष्कळ होतील. नवे कागद छापणार असलास तर छाप. त्यावर बाबांचं नाव घालू नकोस, पुत्राचंही नको. एकट्या एतेल्का बोदोन्यीचं घाल, मोठ्या अक्षरांत. हे मात्र मी एकटीने केलेलं आहे.

एतेल्का